दत्तक नामंजूर, मुक्काम कोबे

इंग्लंडच्या वकीलसाहेबांची ईमेल मी तिसऱ्यांदा वाचली. समोर हायाशिदा-सान बसले होते, आणि ही ईमेल त्यांना जपानीत कुठल्या तोंडाने सांगावी ते मला सुचत नव्हतं. मजकूर चार ओळींचा. कागदपत्रं मिळाली, आभारी आहोत. परंतु श्री. हायाशिदा हे दत्तक पुत्र असल्याचं दिसतं. दत्तक पुत्राला बॅरन ही पदवी मिळू शकत नाही. सबब अर्ज पुढे पाठवता येत नाही, क्षमस्व.

हायाशिदा-सान आमचे क्लायंट. वय बावन्न, धंदा टोफू बनवून विकण्याचा, दुकान शिन-नागाता स्टेशनच्या मागच्या गल्लीत. ते दत्तक-बित्तक काही नाहीत. आईबापांचे सख्खे आणि एकुलते एक आहेत. नाक तर सरळ इंग्लंडहून आलेलं, गल्लीत दुसऱ्या कुणाचं तसं नाही. मग ते दत्तक आहेत असं वकीलसाहेबांना कळवलं कुणी?

मी.

माझं माहेर साताऱ्याचं. इंग्रजांनी दत्तक नामंजूर केलं आणि आमचं राज्य खालसा झालं, हे आम्ही शाळेपासून ऐकत आलोय. पण तेव्हा निदान दत्तक खरोखर घेतलेला होता. इथे तर मीच एका सख्ख्या मुलाला दत्तक करून इंग्रजांच्या हातात दिलं होतं.

आधी माझं काम सांगते. नवऱ्याचं कोबेला पोस्टिंग झालं म्हणून मी इथे आले. तीन वर्षांचं पोस्टिंग होतं, सतरा झाली. सुरुवातीला कुठला कचरा कुठल्या वारी टाकायचा याचा तक्ता वाचता यावा म्हणून जपानी शिकले, आणि त्या जपानीवरच पुढे ओकुदा-सानच्या ऑफिसात नोकरी लागली. आपल्याकडे तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारे बसतात ना? ओकुदा-सान तेच करतात, फक्त त्यांच्याकडे सरकारी परवाना आहे, टाय आहे आणि चार फोटोकॉपी मशिनं आहेत. व्हिसा, परवाने, वारसाचे कागद. परदेशात पाठवायचे कागद इंग्रजीत करणं हे माझं खातं. इथे आडनावापुढे आदराने ‘सान’ लावतात. माझं आडनाव साने, त्यामुळे ऑफिसात मी ‘साने-सान’. पहिले सहा महिने मला वाटायचं, कुणीतरी माझी चेष्टा करतंय.

आता बॅरनचं प्रकरण. बॅरन म्हणजे इंग्लंडच्या उमरावांतली सगळ्यात खालची पायरी. पदवी बापाकडून थोरल्या मुलाकडे जाते. त्याला मुलगा नसेल तर धाकट्या भावाच्या घरात, तिथेही नसेल तर चुलत्याच्या. मुलींना या पदवीत काही नाही. मुलगा रक्ताचा हवा आणि लग्नाच्या बायकोचा हवा. आणि एवढं असूनही पदवी आपोआप येऊन डोक्यावर बसत नाही. लंडनमध्ये उमरावांची एक सरकारी नोंदवही असते. त्यात नाव लागावं म्हणून अर्ज करायचा, आणि पिढ्यान् पिढ्यांचे जन्माचे आणि लग्नाचे दाखले जोडायचे. थोडक्यात वारसाची नोंद. तलाठी तेवढा लंडनला.

या घराण्याचे आठवे बॅरन लग्न न करताच वारले. सख्खा भाऊ नाही. मग शोध चुलत्याकडे वळला. चुलत्याला एकच मुलगा, आर्थर. हा आर्थर तेविसाव्या वर्षी जहाज कंपनीच्या नोकरीवर कोबेला आला, रोज दुपारी एकाच दुकानातून टोफू घ्यायला लागला आणि सहा वर्षांनी त्याच दुकानाच्या मुलीशी लग्न करून तिथेच टोफू बनवायला बसला. आठ वर्षांपूर्वी तोही गेला. त्याचा मुलगा म्हणजे आमचे हायाशिदा-सान. इस्टेट म्हणाल तर तिकडे काही उरलेलं नव्हतं, हवेली केव्हाच विकलेली. उरलं होतं ते फक्त नाव.

मग घोळ कुठे झाला?

जपानात माणसाचा जन्म, लग्न, मृत्यू सगळं एका कौटुंबिक नोंदीत असतं. तिला कोसेकी म्हणतात. आपल्याकडे सातबारा जमिनीचा, यांच्याकडे माणसांचा. मी कोसेकीचं भाषांतर केलं. अक्षर न् अक्षर बरोबर होतं, आजही शपथेवर सांगते. पण तेवढ्यावर थांबेन तर मी कसली! वकीलसाहेबांना सोपं जावं म्हणून मी एक कव्हरिंग लेटर जोडलं. त्यात लिहिलं, की आर्थरच्या मुलाचं आडनाव हायाशिदा कसं, असा प्रश्न आपल्याला पडेल, तर हे आडनाव दत्तकविधानाने आलेलं आहे.

दत्तक गेला होता आर्थर. वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, जिच्याशी लग्न करायचं तिच्याच वडिलांना.

इथे ही रीत जुनी आहे. दुकान चालवायला मुलगा नसेल तर सासरा होणाऱ्या जावयालाच रीतसर दत्तक घेतो. आडनाव सासऱ्याचं, धंदा सासऱ्याचा. आपला घरजावई आणि आपला दत्तक, दोन्ही एकाच माणसात. आपल्याकडे हे जमणारच नाही. दत्तक घेतला की तो मुलीचा भाऊ झाला, मग लग्न कुणाशी लावता? जपान्यांना हा प्रश्न पडत नाही. हायाशिदांच्या दुकानाच्या पाच मालकांपैकी तीन जण असेच बाहेरून आलेले. शंभर वर्षं दुकान व्यवस्थित चाललंय. रक्ताच्या वारसावर हटून बसलेलं इंग्लंडचं घराणं मात्र आठव्या पिढीत ठप्प.

मी ईमेलचा अर्थ कसाबसा सांगितला, माझी चूकही सांगितली. हायाशिदा-सानच्या चेहऱ्यावर चक्क सुटका दिसली. म्हणाले, बरंच झालं. गल्लीत बातमी फुटल्यापासून गिऱ्हाइकं विचारतायत, बॅरन झाल्यावर टोफू महाग होणार का. इंग्रजी त्यांना ‘थँक यू’च्या पुढे येत नाही. पदवी माझ्यामागच्या नंबरला जाऊ दे, म्हणाले. तो नंबर होता इंग्लंडातल्या एका लांबच्या भावाचा, घोड्यांच्या डॉक्टरचा.

“फक्त एक विनंती आहे, साने-सान,” जाताना ते म्हणाले. “आईला सांगू नका.”

अर्ज आईनेच करायला लावला होता, हे मला तेव्हा कळलं.

आता अशी गोष्ट टोफूच्या दुकानात किती वेळ लपते? दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडायच्या आधीच त्यांच्या आई, हात्सुए-सान, दारात उभ्या. वय एकोणऐंशी, पाठ जरा वाकलेली, हातात पिशवी. ओकुदा-सान आत चहा करायला पळाले. रडणारी माणसं समोर आली की ते चहा करतात. पण हात्सुए-सान रडायला आलेल्या नव्हत्या. त्या खुर्चीवर ताठ बसल्या आणि मला विचारायला लागल्या. मुलगा दत्तक आहे असं तिकडे लिहिलं गेलंय का? कुठल्या कागदावर? तो कागद आता कुठे आहे? मी एकेक उत्तर देत गेले, आणि प्रत्येक उत्तराला माझी मान थोडी थोडी खाली जात गेली.

मग त्यांनी आपली गोष्ट सांगितली. लग्नाआधी आर्थर जपानी नागरिक झाला, हायाशिदांना दत्तक गेला आणि मग त्याने घरी कळवलं. त्याच्या वडिलांचं एका पानाचं पत्र आलं. तू दुसऱ्याचा मुलगा झालास, आता या घराशी तुझा संबंध नाही. त्यानंतर पत्र नाही, फोन नाही. वडील गेल्याचंही आर्थरला वर्षभराने दुसऱ्याच कुणाकडून कळलं. तो कधी बोलला नाही. पहाटे उठायचा, सोयाबीन दळायचा.

“एकुलता एक मुलगा होता हो त्यांचा,” हात्सुए-सान म्हणाल्या. “आमच्याकडे मुलगा नव्हता म्हणून आम्ही दुसऱ्यांचा होता तो घेतला. पंचावन्न वर्षं मला ते टोचतंय. पदवी कुणालाही जाऊ दे. पण त्यांच्या त्या वहीत आमचे हे त्यांचे म्हणून लिहिलेले मला दिसले पाहिजेत. आणि माझा मुलगा यांचा म्हणून.”

मी सांगितलं, चूक माझी आहे, मी निस्तरते. त्यांनी पिशवीतून टोफूचा डबा काढून टेबलावर ठेवला आणि गेल्या. तो टोफू त्या दिवशी मला गिळवला नाही.

ओकुदा-सान रागावत नाहीत, तेच त्यांचं वाईट आहे. त्यांनी माझं कव्हरिंग लेटर दोनदा वाचलं. मग म्हणाले, जपानच्या घटनेत उमराव हा प्रकारच नाही, त्यामुळे इथे या पदवीला काडीची किंमत नाही. परंतु फाईल नीट असली पाहिजे. त्यांच्या मते जगातली बहुतेक दुःखं अर्धवट फाईलींमुळे होतात.

त्याच संध्याकाळी आम्ही व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती. वकीलसाहेब म्हणजे त्या घराण्याचे गावातले पिढीजात वकील, सत्तरीचे, अतिशय सभ्य गृहस्थ. बॅरनचं प्रकरण त्यांच्याही आयुष्यात पहिलंच. मी सरळ विचारलं, की कोसेकीच्या भाषांतरात दत्तक घेतलेल्याचं नाव आर्थर आहे आणि वय एकोणतीस आहे, ते तुम्ही पाहिलं नाहीत का?

“पाहिलं तर,” ते म्हणाले. “आम्हाला ती टायपिंगची चूक वाटली. एकोणतीस दिवस असणार, असं आम्ही धरलं. आणि मुलाच्या जागी नजरचुकीने बापाचं नाव पडलं असेल. तुमच्या पत्राशी ते जुळत होतं.”

“दिवस नाही. वर्षं.”

“एकोणतीस वर्षांच्या माणसाला दत्तक कोण घेतं?”

“त्याचा सासरा.”

वकीलसाहेबांनी एक कोरा कागद पुढे ओढला. मग मी रीत समजावून सांगितली, अगदी सोयाबीनपासून. ते भराभर लिहून घेत होते. शेवटी म्हणाले, छान, म्हणजे आर्थरचं लग्न रीतसर झालेलं, त्यानंतर दोन वर्षांनी हा मुलगा झाला, तोही स्वतःचा. मग काहीच अडचण नाही.

इथे मी थांबायला हवं होतं. ओकुदा-सानचा हात लॅपटॉप बंद करायला पुढे आलाही होता. पण माझ्या डोक्यात दुपारपासून एक किडा वळवळत होता. आपल्याकडे मुलगा दत्तक गेला की जन्माच्या घराशी त्याचं नातं तुटतं, तिथल्या वाट्यावर त्याचा हक्क राहत नाही. दत्तक आलेल्याला पदवी मिळत नाही, तर दत्तक गेलेल्याचं काय? आणि मी ते विचारलं. मोठ्याने.

वकीलसाहेबांचं पेन थांबलं.

“हा प्रश्न माझ्या मनात आला नव्हता,” ते सावकाश म्हणाले. “तुमचा मुद्दा बरोबर असू शकतो. मला लंडनच्या तज्ज्ञांचं मत घ्यावं लागेल. एक आठवडा द्या.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कॉल संपला. ओकुदा-साननी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“साने-सान, तो प्रश्न विचारायलाच हवा होता का?”

“खरा होता.”

“हो. खरा होता.” त्यांनी उसासा टाकला. “म्हणजे मग हात्सुए-सानना कळवायला हवं. तुम्ही कराल फोन, की मी चहा करू?”

फोन मीच केला. आधी माझ्या पत्राने मुलाला घालवलं आणि आता माझ्या प्रश्नाने नवऱ्याला घालवायला निघाले होते. म्हाताऱ्या बाईचा पंचावन्न वर्षांचा सल, आणि मी त्याच्यावर कायद्याचा शिक्का मारून देणार होते, की हो बाई, तुम्ही खरंच त्यांचा मुलगा तोडलात. त्या फोनवर शांतपणे ऐकून घेत होत्या. मागे यंत्राची घरघर चालू होती. मग म्हणाल्या, विचारलंत ते बरं केलंत, उगीच लपवून मिळालेलं मला नको होतं. आणि एक आठवडा काय, थांबते. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तो आठवडा मी कसा काढला, माझ्या घरच्यांना विचारा. ईमेल दर दहा मिनिटांनी बघायची. भाजीत मीठ दोनदा पडलं. मुलगी जपानीतच म्हणाली, आई, तू टोफूच्या दुकानाची आहेस की आमची? नवरा म्हणाला, बघ, आता तिलाही तू दत्तक गेल्यासारखी वाटतेस. त्याला मी त्या दिवशी आमटीऐवजी कॉन्बिनीतली, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातली, भाताची वडी खायला घातली.

सातव्या दिवशी उत्तर आलं. दोन पानांचं, आणि पहिल्या पानभर हवापाणी आणि दिलगिरी. मुद्दा दुसऱ्या पानावर मधोमध होता. उमरावांच्या पदव्यांच्या बाबतीत दत्तकविधानाचा कसलाही परिणाम होत नाही, असं त्यांच्या कायद्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. दत्तक आलेल्याला पदवी मिळत नाही हे खरं, पण दत्तक गेलेल्याची जातही नाही. पदवीपुरतं बोलायचं तर आर्थरचं दत्तकविधान झालं काय नि न झालं काय. तो जन्मला तेव्हा ज्याचा मुलगा होता, मरेपर्यंत त्याचाच मुलगा होता.

मी ओकुदा-सानना ते वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, हे नियमाचं कलम क्रमांकासह दिलंय का? दिलं होतं. मग ते पहिल्यांदा हसले आणि म्हणाले, फाईलला लावा.

त्यानंतर सगळं सरळ झालं. कव्हरिंग लेटर मागे घेतलं, नवीन प्रतिज्ञापत्र केलं, आर्थर आणि त्याचं जपानी नाव हायाशिदा आसाओ ही एकाच माणसाची दोन नावं असल्याचा पुरावा जोडला. काही महिन्यांनी वहीत नाव लागलं. शिन-नागाताचे टोफूवाले आता नववे बॅरन आहेत. दुकानात त्याची काही खूण नाही. टोफूचा भाव तोच आहे. त्यांना मुलगी एकच, मिओ. पदवी तिला मिळणार नाही, ती यथावकाश घोड्यांच्या डॉक्टरकडे जाईल. दुकान मात्र मिओचं. तिचं लग्न ठरलंय आणि होणारा जावई दत्तक यायला तयार आहे. तो सध्या विमा कंपनीत आहे, सोयाबीन दळायला शिकतोय, आणि हायाशिदा-सान म्हणतात, हात बरा आहे.

वकीलसाहेबांनी नोंदीच्या उताऱ्यासोबत घराण्याची वंशावळ पाठवली होती. ती घ्यायला हात्सुए-सान स्वतः आल्या. मी कागद टेबलावर पसरला. वर पहिले बॅरन, खाली फांद्या. उजवीकडच्या फांदीवर आर्थरच्या वडिलांचं नाव, त्याच्या खाली आर्थर, आर्थरच्या शेजारी बारीक रेघेने जोडलेल्या हात्सुए, आणि त्या दोघांच्या खाली मुलगा. मी एकेका नावावर बोट ठेवून वाचलं. हात्सुए-सानच्या नावावर माझं बोट आलं तेव्हा त्यांनी कागद जवळ ओढला.

“यात आमच्याकडे दत्तक आल्याचं कुठे लिहिलंय?”

“कुठेच नाही. त्यांच्या लेखी ते झालंच नाही. ते शेवटपर्यंत त्यांचेच होते.”

“आणि आमच्या कोसेकीत?”

“तिथे तुमच्या घरचे. तेही खरंच.”

दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, असं आपण म्हणतो. हा दोन्ही घरचा होता आणि एका घराने त्याला चांगला जेवू घातला होता, असं काहीतरी मी माझ्या मोडक्या शब्दांत त्यांना सांगायला गेले. त्यांचं लक्ष नव्हतं. त्या सासऱ्यांच्या नावाकडे बघत होत्या.

“म्हणजे संबंध तुटला, असं त्यांनी लिहिलं, तेव्हासुद्धा तो तुटलेला नव्हता?”

“नव्हता.”

“त्यांना त्यांचा हा कायदा माहीत नव्हता?”

“नसावा.”

“उमरावाच्या घरात जन्मून?” त्यांनी चष्मा काढला. डोळे भरले होते, पण आवाजात अस्सल टोफूवालीचा फणकारा होता. “साधं कुणाला विचारायचं तरी.”

आतून किटली ठेवल्याचा आवाज आला.

या प्रकरणापासून मी कव्हरिंग लेटर लिहिणं बंद केलं. आणि ऑफिसात कुणी तावातावाने आला, मुलाशी किंवा भावाशी संबंध संपला असं पत्र करून द्या म्हणाला, तर मी त्याला आधी वकिलाकडे पाठवते. संबंध खरंच संपतो का, ते विचारून या म्हणते. वकिलाची फी पडते, पण पंचावन्न वर्षांपेक्षा स्वस्त.